लेकुरवाळ्यांची बोट

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या महाविद्यालयातील अध्यापकांच्या खोलीत अभ्यासक्रम सोडून बाकी सर्व विषयांवर चर्चा चालते. यंदा भौतिकशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक माझ्या टेबलाशी आले आणि जरा संकोचूनच म्हणाले, "मॅडम, गेल्या दिवाळीत तुम्ही मुलांना घेऊन क्रूझला गेला होतात ना? आम्हीही जायचं म्हणतोय. मुलगी अडीच वर्षांची आहे. काही सांगाल का?"

पुढच्या तासाला पाच मिनिटे होती. तेवढ्यात एवढेच सांगता आले, की मुलीला नेऊ नका असे मी म्हणणार नाही. पण आपण मुलीला घेऊन जाणार की मुलीच्या मागे मागे जाणार, हे नवराबायकोने घरीच ठरवून निघावे. बाकीचे सांगायचे राहिले. ते आज या सदरात लिहिते आहे, कारण त्यांच्यासारखी आणखीही कितीतरी कुटुंबे यंदा निघाली असतील. मुंबईहून गोव्याला नाहीतर लक्षद्वीपला जाऊन येणारी मोठी जहाजे आता तुमच्याआमच्या पगाराच्या आवाक्यात आली आहेत, आणि शेजारच्यांनी फोटो दाखवले की आपल्याही घरात विषय निघतोच.

आमची मंडळी पाच. आम्ही दोघे, सात वर्षांचा थोरला, नुकती तीन पूर्ण झालेली धाकटी आणि सासूबाई. सासूबाई बाहत्तर वर्षांच्या, माहेर रेवसच्या बाजूचे. त्यांचे लहानपण भाऊच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहण्यात गेलेले. त्यांच्या दृष्टीने बोट ही गंमत नव्हती, एस. टी.सारखी ती एक सोय होती, आणि सोयीला जे धोके असतात ते तिला होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांचे एक चुलते त्या बोटीवर होते, आणि त्या वर्षानंतर घरी आषाढातल्या अमावास्येला कोणी गोडधोड केले नाही. हे सारे मला लग्नानंतर कळले, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यामुळे क्रूझची तिकिटे काढल्याचे यजमानांनी जाहीर केले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फक्त एवढेच विचारले, "पोरांच्या मापाची जाकिटं असतात का रे तिथे?"

हा प्रश्न बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी विचारण्याचा आहे, हे मला बोटीवर गेल्यावर पटले. त्याकडे मी येतेच. आधी तिकिटांचे बोलू.

जाहिरातीतला आकडा हा भाड्याचा आकडा असतो. त्यात बंदराचे शुल्क, कर आणि नोकरवर्गाच्या बक्षिसीची रक्कम बहुधा धरलेली नसते. मुलांनाही यातले बरेचसे लागू होते. म्हणून "सगळे धरून पाच जणांचे किती?" असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तान्ह्या बाळाचे म्हणाल तर बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील मूल घेतच नाहीत, आणि लांबच्या सफरीला ही अट वर्षाची होते. देशातल्या देशातल्या सफरीला मुलांचे आधार कार्ड वा जन्माचा दाखला चालतो की नाही, हे तिकीट काढतानाच विचारावे. परदेशाला मात्र तान्ह्यालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांसारखा दहांचा नव्हे, हे ऐन वेळी आठवणारे आईबाप मी पाहिले आहेत. आईबापांपैकी एकटेच कोणी मुलाला नेणार असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र मागतात.

केबिन कोठली घ्यावी? यावर आमच्या घरी तीन दिवस वाद झाला. यजमानांना सर्वांत वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, सज्जा असलेली हवी होती. मी मुलांच्या झोक्याची फळी आठवा म्हटले. फळीच्या टोकाला बसलेला वरखाली होतो, मधला जागच्या जागी असतो. जहाजाचेही तसेच. मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारखे पंख असतात, त्यांनी आडवे डुलणे पुष्कळ कमी होते; पुढेमागे होणाऱ्या झोक्यावर मात्र त्यांचा फारसा उपाय चालत नाही. शिवाय चार वर्षांखालचे मूल बरोबर असताना सज्जा म्हणजे रात्रीची झोप गहाण टाकणे. सज्जा घेतलाच तर तिथल्या खुर्च्या कठड्यापासून दूर, शक्य तर आत आणून ठेवाव्यात आणि दाराची वरची कडी लागते का हे पहिल्याच मिनिटाला पाहावे. आम्ही अखेर बिनखिडकीची घेतली. स्वस्त पडली, पण दिवा घालवला की आत इतका मिट्ट काळोख, की धाकटी पहिल्या रात्री दोनदा दचकून रडत उठली. स्वयंपाकघरातला छोटा रात्रीचा दिवा नेला असता तर दोन्ही झोपा वाचल्या असत्या. वरची खाट भिंतीतून उघडते, तिला शिडी असते आणि थोरल्यांना तिचे भलते आकर्षण असते. झोपेत लोळणाऱ्याला वर चढवू नये. तान्ह्याचा पाळणा तिकिटाबरोबरच मागून ठेवावा. ते मोजकेच असतात.

सामान बंदरावरच ताब्यात घेतात आणि ते केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते. मधले चार-पाच तास मूल आणि तुम्ही हातातल्या पिशवीवर जगायचे असते. त्या पिशवीत मुलांचा एकेक कपड्यांचा जोड, औषधे, लंगोट, ओले पुसायचे कागद, पोहण्याचे कपडे आणि कागदपत्रे एवढे हवेच. आम्ही हे सर्व मोठ्या बॅगेत नीट घडी घालून ठेवले होते, आणि मोठी बॅग कुठेतरी जहाजाच्या पोटात होती.

तपासणीच्या टेबलावर आमची दोन लुकसाने झाली. सासूबाईंनी मुलांचे दूध तापवायला विजेची किटली घेतली होती. आगीच्या भीतीने अशी किटली, इस्त्री वगैरे जहाजावर बहुधा चालत नाही. ती पावती देऊन ठेवून घेतली. दुसरे म्हणजे बेसनाच्या लाडवांचा डबा. घरी केलेले पदार्थ आत नेता येणार नव्हते. बाळाचे बंद डब्यातले खाणे चालते, लाडू नाहीत. सासूबाईंनी क्षणभर विचार केला, डबा उघडला आणि रांगेतल्या अनोळखी लोकांना, हमालांना आणि तपासनिसालाही एकेक लाडू वाटला. तपासनिसाने तो खाल्ला. नियम लाडू आत नेण्याविरुद्ध होता, बाहेर खाण्याविरुद्ध नव्हता.

किटली गेली म्हणून अडले नाही. साधा थर्मास न्यावा. गरम पाणी, दूध केव्हाही मागितले की मिळते. मऊ भात आणि बिनतिखटाचे वरण हवे असे पहिल्याच जेवणाला वाढप्याला सांगून ठेवले तर तेही रोज येते. मात्र तुमचे बाळ जी पावडर पिते तीच जहाजावर मिळेल अशी आशा धरू नये. लागेल त्याच्या दीडपट न्यावी.

आता जाकिटांकडे येते. केबिनमध्ये पाऊल टाकल्यावर मुलांनी खाटांवर उड्या मारल्या, यजमानांनी फोन चार्जिंगला लावला, मी पदर खोचून न्हाणीघर पाहिले. आणि सासूबाईंनी कपाट उघडून जाकिटे मोजली. मोठ्यांची चार होती. मुलांचे एकही नव्हते. केबिनच्या नोकराला बोलावले. त्याने माफी मागितली आणि दहा मिनिटांत दोन लहान जाकिटे आणून दिली. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जहाजावरच्या प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचे जाकीट असावेच लागते आणि चोवीस तासांहून लांबच्या सफरीत तान्ह्यांसाठीही वेगळे. पण ते जहाजावर असणे आणि तुमच्या मुलाच्या अंगावर येणे यांत अंतर असते. काही जहाजांवर ती केबिनमध्ये न ठेवता आणीबाणीत जमायच्या जागी ठेवतात. तसे असेल तर तिथे जाऊन डोळ्यांनी पाहावे. सासूबाईंनी दोन्ही जाकिटे मुलांना तिथल्या तिथे घालून पाहिली, पायांमधून जाणारा पट्टाही आवळला. "तो लोंबता ठेवलास तर पाण्यात जाकीट वर जातं आणि पोर खाली," त्या म्हणाल्या. हे त्यांना कोणी शिकवले, ते मी विचारले नाही.

जहाज सुटण्यापूर्वी कवायत होते. सात तोकडे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर आपटून कलंडले, त्यात ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती; त्या वेळी चोवीस तासांत केव्हाही केली तरी चालत असे. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच करावी लागते. आमच्या कवायतीला निम्मे लोक फोनमध्ये डोके घालून उभे होते. आमच्या घरी मात्र थोरल्याने तो भोंगा तोंडाने इतक्यांदा वाजवून दाखवला की तो आता आम्हांला जन्मभर विसरता यायचा नाही. मुलांना मनगटावर पट्टी बांधतात, तिच्यावर जमायच्या जागेचा क्रमांक असतो. आंघोळीलाही ती काढू नये.

बोट लागण्याचे प्रकरण थोडे सविस्तर सांगते, कारण त्यात मी एक चूक करता करता राहिले. कानाच्या आतला तोल सांगणारा भाग म्हणतो आपण हलतो आहोत. डोळे केबिनची स्थिर भिंत पाहून म्हणतात, छे, मुळीच नाही. या भांडणातून मळमळ होते. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त लागते. थोरल्याला पहिल्या रात्री लागली. डोळ्यांना खरे काय ते दिसले की भांडण मिटते. म्हणून अशा मुलाला आडवे करून पुस्तक वा फोन हातात देऊ नये, वाऱ्यावर न्यावे आणि लांब क्षितिजाकडे पाहायला लावावे. पोट रिकामेही नको आणि तळणाने भरलेलेही नको. सासूबाईंनी आलेपाकाची वडी काढली. ती कमरेच्या पिशवीत असल्यामुळे तपासणीतून सुटली होती.

माझ्यापाशी गाडी लागण्याच्या नेहमीच्या गोळ्या होत्या. थोरल्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने दिली. धाकटी कुरकुरत होती, तेव्हा तिलाही पाव गोळी द्यावी म्हणून मी गोळी मोडलीही. यजमानांनी हात धरला. "तिचं विचारलं होतंस का डॉक्टरांना?" नव्हते विचारले. या गोळ्यांतल्या बऱ्याचशांत प्रोमेथाझिन असते, आणि ते दोन वर्षांखालील मुलांना मुळीच द्यायचे नसते. श्वास मंदावण्याचा धोका असतो. धाकटी तिनाची, म्हणजे त्या रेषेच्या अलीकडेच कालपरवापर्यंत होती, आणि तिचे वजनही बेताचेच. तिला बोट लागलीच नव्हती. तिला झोप आली होती. तेव्हा प्रत्येक मुलाचे औषध आणि माप डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्यावे, आणि ते जहाज हलायच्या आधी द्यावे. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात ठरत नाही. मोठ्यांनी कानामागे लावायची पट्टी मुलांना लावू नये. उलटी झालीच तर दहा मिनिटे पोटाला विसावा द्यावा आणि मग जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवावी, अंदाजाने नव्हे. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ असेलच असे नाही आणि त्याचे बिल फुकट नसते. प्रवासाचा विमा काढताना जहाजावरचे उपचार त्यात येतात का, एवढे पाहावे.

जेवणाच्या दालनाच्या दाराशी हाताला चोळायचे औषध ठेवलेले असते. ते चोळले म्हणजे भागले असे नाही. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्याजुलाबांवर ते फारसे चालत नाही. साबण आणि पाणीच लागते. पोहण्याच्या टाकीचे दोन नियम ठाऊक असावेत. लंगोटातल्या मुलाला बहुतेक जहाजांवर टाकीत उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास लंगोट असला तरीही. आणि पुष्कळ जहाजांवर टाकीपाशी जीवरक्षक नसतो. तो तुम्हीच. जहाज हलते तसे टाकीतले पाणीही एका बाजूला चढते.

त्याच टाकीपाशी, दुसऱ्या दिवशी दुपारी, आमची धाकटी हरवली.

दिवस भर समुद्रातला होता, जमीन कोठे दिसत नव्हती. यजमान चहा आणायला गेले. त्यांना वाटले ती माझ्याजवळ आहे. मी थोरल्याला कपडे बदलायला नेले; मला वाटले ती आजीजवळ आहे. सासूबाईंना उन्हात डुलकी लागली होती, कारण सून तिथेच होती. तीन मोठी माणसे, एक मूल; आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा भरवसा. मी परत आले तेव्हा तिच्या चपला खुर्चीखाली होत्या.

अशा वेळी आईचे डोळे दुसरीकडे कुठे जात नाहीत. मी कठड्याकडे धावले आणि खाली पाहिले. खाली फेस होता आणि तो मागे मागे जात होता. शेजारी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या खाली पाहत नव्हत्या. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे मिटले होते.

जहाजाचा एक कर्मचारी, गोव्याकडचा पोरगा असावा, धावत आला नाही, चालत आला. त्याने विचारले, फ्रॉकचा रंग कोणता? पट्टीवरचा क्रमांक कोणता? केबिन कितवी? मला रंग आठवला; क्रमांक आठवेना. केबिनचा आकडा थोरल्याने सांगितला. त्याने हातातल्या यंत्रावर दोन वाक्ये बोलून लिफ्टपाशी एक आणि जिन्यापाशी एक माणूस उभा केला. घड्याळाने अकरा मिनिटे झाली. मग निरोप आला की पिवळ्या फ्रॉकची एक मुलगी दोन मजले खाली एका बंद केबिनच्या दाराशी बसली आहे.

ती आमच्या केबिनच्या दाराशी नव्हती. आमची आणखी एक मजला खाली. पण जहाजावरचे सगळे बोळ सारखे, सगळी दारे सारखी, गालिचाही तोच. मी पोचले तेव्हा ती रडत नव्हती, रागावली होती. "मी घरी आले," ती म्हणाली, "आणि दार उघडतच नाही."

त्या दिवसापासून आमच्याकडे एक रीत पडली, ती आजही चालू आहे. मूल ज्याच्या ताब्यात, त्याने मोठ्याने म्हणायचे, "माझ्याकडे." आणि दुसऱ्याकडे देताना त्याच्याकडून "माझ्याकडे" ऐकल्याशिवाय जागचे हलायचे नाही. बँकेत रोकड मोजून देतात तसे. पहिल्यांदा हसू येते. दुसरे, पट्टीवरचा क्रमांक आणि केबिनचा आकडा प्रत्येकाने पाठ करायचा, आणि मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो रोज सकाळी काढायचा. फोन जहाजावर एअरप्लेन मोडवर ठेवावाच, नाहीतर समुद्रातल्या जोडणीचे बिल घरी गेल्यावर कळते, तेव्हा "कुठे आहेस?" म्हणून एकमेकांना फोन करण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. भेटण्याची जागा आणि वेळ तोंडी ठरवावी लागते, आपल्या वडिलांच्या काळी ठरवत तशी. मुलांसाठी खेळघर असते, पण ते बहुधा तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांना. भौतिकशास्त्रवाल्यांच्या मुलीला ते मिळणे कठीण.

तिसऱ्या दिवशी मुरगाव बंदर. लहान मुले बरोबर असली की गोव्यात एकच ठिकाण करावे. आम्ही मंगेशीला गेलो. जहाजाचे घड्याळ निघण्याच्या वेळी कोणासाठी थांबत नाही; दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात परतावे, वाटेत टॅक्सीचा टायर बसतोच असे धरून. देवळाबाहेरच्या टपरीवर धाकटीने लोहचुंबकाचा एक निळा मासा पसंत केला, फ्रिजवर लावायचा. केबिनची दारे लोखंडी असतात. सासूबाईंनी जहाजावर येताच तो मासा आमच्या दाराला, धाकटीच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला आणि तिला वरच्या डेकपासून दारापर्यंत तीनदा चालवत आणले. तिसऱ्या खेपेला आजी मागे राहिली आणि नात पुढे होती.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या पहाटेपर्यंत खाली गेलेल्या असतात. म्हणून सकाळचे कपडे आधी बाजूला काढावेत. आम्ही काढले नाहीत. धाकटी मुंबईच्या धक्क्यावर झबल्यात आणि थोरल्याच्या स्वेटरमध्ये उतरली. यजमानांच्या पायात सपाता होत्या. घरी आल्यावर दोन दिवस सासूबाई भिंत धरून चालत. बोट सोडली तरी पायांखालची जमीन काही काळ डुलते, आपोआप थांबते.

डोंबिवलीला आमच्या इमारतीत मजल्यावर चार दारे आहेत आणि चारही एका रंगाची. धाकटीने आल्या आल्या मासा दाराला लावून पाहिला. लाकडाला तो चिकटेना, तेव्हा बाहेरच्या लोखंडी जाळीला लावला. तो अजून तिथेच होता. परवा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचे जाणे नक्की ठरल्याचे मी घरी सांगितले, तेव्हा तिने तो काढून आणला आणि माझ्या पर्समध्ये घातला. त्यांच्या मुलीला नेऊ द्यायचा, पण परत आणायचा, असे तिने बजावले आहे.